नाव-गाव न विचारता

तो फोटो मी अजून फोनमधून काढून टाकलेला नाही. वालाच्या वेलाचा कोवळा शेंडा, त्यावर काळा मावा इतका दाटलेला की देठ दिसत नाही, आणि त्या माव्यात तोंड खुपसून बसलेला एक प्राणी. लांबी जेमतेम करंगळीच्या नखाएवढी. काळपट राखाडी अंग, पाठीवर बारीक गाठी, कडांना नारिंगी ठिपके, पुढच्या बाजूला सहा पाय आणि मागे निमुळतं होत गेलेलं धड. मगर आटवून आटवून पानावर मावेल एवढी केली, तर अशीच दिसेल. फोटो काढला तेव्हा सकाळचे सहा पन्नास झाले होते, तशी नोंदच आहे त्यावर. घरच्या ग्रुपवर 'हे बघा काय आलंय' असं लिहून टाकायचा म्हणून काढला होता. टाकायचं राहून गेलं, कारण लगेच दुसरा दिसला, मग तिसरा, आणि मी कामाला लागले. एक वाळकी काडी घेतली, एकेकाला पानावरून खाली ढकललं आणि चपलेखाली घेतलं. अकरा झाले. अकराव्यानंतर सगळा वेल पुन्हा एकदा पालथा घातला, एकही उरला नाही याची खात्री केली, हात धुतले आणि चहा टाकला. सकाळ सत्कारणी लागल्यासारखं वाटत होतं.

रात्री झोप येईना म्हणून फोन चाळत पडले होते. तो फोटो समोर आला, दोन बोटांनी मोठा केला, आणि सहज म्हणून शोधलं की हा आहे तरी कोण. पहिल्याच चित्रात उत्तर मिळालं. तरी मी पुढची दहा-बारा चित्रं बघितली. आपण वाचलं ते चुकीचं असावं अशी आशा माणूस किती चिवटपणे करतो ते अशा वेळी कळतं.

ढालकिड्याची अळी होती ती.

ढालकिडा म्हणजे लेडीबर्ड. लाल, गोल, पाठीवर काळे ठिपके असलेला. लहानपणी माझ्या कंपासपेटीवर त्याचा स्टिकर होता आणि तो निघू नये म्हणून मी त्यावर चिकटपट्टी लावली होती. हा किडा बागेचा मित्र आहे, मावा खातो, एवढं मला तेव्हापासून ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एवढंच, की तो लाल गोल होण्याआधी दोन-तीन आठवडे असा असतो. आणि खरं खाणं तो याच वयात खातो. त्या दोन-तीन आठवड्यांत एकेक अळी काही शे मावा फस्त करते. म्हणजे माझ्या वेलावर मी न बोलावता अकरा मदतनीस आले होते, भल्या पहाटेपासून कामाला लागले होते, आणि मी त्यांना एकेक करून वेचून मारलं. मावा तसाच ठेवून. त्या सकाळी देठावरून मुंग्यांची एक रांगही खालीवर करत होती, तिला मी हातसुद्धा लावला नव्हता. मुंग्या ओळखीच्या असतात, कष्टाळू असतात, त्यांच्याबद्दल कुणाचं मन वाईट नसतं. त्या मुंग्या माव्याच्या अंगातून पाझरणारा गोड रस प्यायला येतात आणि त्या रसासाठी माव्याची राखण करतात, ढालकिडे आले तर त्यांना हुसकावतात, हेही त्याच रात्री वाचलं. म्हणजे मी अगदी मुंग्यांच्या बाजूने लढले होते.

सकाळी आईला सांगितलं. आई मागच्या दारातल्या खुर्चीवर बसलेली असते. डोळ्यांनी आता तिला बारीकसारीक दिसत नाही, पण बागेत काय चाललंय त्याचा तिला आवाजावरून अंदाज असतो. ती शांतपणे म्हणाली, "मारलेस ना? बरं केलंस. किडा दिसला की मारायचा. त्याचं नाव-गाव विचारत बसलीस तर झाड शिल्लक राहील का?" मी तिला म्हटलं, अगं पण हे चांगले होते. त्यावर ती म्हणाली, "पानावर बसतो तो चांगला नसतो." विषय संपला. आईची उजव्या हाताची अंगठ्याची नखं जन्मभर हिरवी असलेली मी पाहिली आहेत. ती अळी दोन नखांत धरून दाबायची, पदराला पुसायची आणि त्याच हाताने पुढचं पान उलटायची. औषधबिवध काही नाही. मला ते बघवायचं नाही. पण तिची वांगी किडत नसत हेही खरं.

पुढचे आठ दिवस मी वालाच्या वेलाकडे रोज गेले. कशासाठी, ते सांगता येणार नाही. शिक्षा झालेल्या मुलासारखं कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं म्हणून असेल. मावा वाढत होता. पहिल्या दिवशी शेंड्यावर होता, तिसऱ्या दिवशी खालच्या कळ्यांवर उतरला, मग शेंगांच्या देठांवर. पानं चिकट झाली, हात लावला की गोंद लागल्यासारखी बोटं चिकटायची. मग त्या चिकटाईवर काजळी धरावी तशी काळी बुरशी चढली. मावा इतका झपाट्याने वाढतो कसा याचं उत्तर एका विशीतल्या पोराने शोधलेलं आहे. 1740 साली जिनिव्हाच्या शार्ल बॉनेने नुकताच जन्मलेला एकच मावा फांदीसकट काचेखाली ठेवला, दुसरा कुठलाही मावा त्याच्याजवळ फिरकणार नाही अशी तजवीज केली, आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत तो त्याच्यासमोर बसून राहिला. दिवसचे दिवस. जूनच्या 1 तारखेला त्या एकट्या मादीला पहिलं पिल्लू झालं आणि 21 तारखेपर्यंत 95 झाली. नर नाही, मीलन नाही, अंडं नाही, थेट जिवंत पिल्लं. आणि नंतर कळलं ते याहून चक्रावणारं आहे: माव्याच्या मादीच्या पोटात लेक असते तेव्हाच त्या लेकीच्या पोटात नातही वाढायला लागलेली असते. आजी, आई आणि नात एकाच कातडीत. अशा कुळाशी मी वाळक्या काडीने भांडणार होते. पुढे बॉनेचे डोळे अधू झाले. वाचताना माझी नजर आपोआप दारातल्या खुर्चीकडे गेली.

त्या वर्षी वालाच्या शेंगा कशाबशा दोन ओंजळी निघाल्या.

आता हे एवढ्यावर थांबायला हवं होतं. अकरा अळ्या, एक वेल, झाली चूक. पण ती चूक मनात एकटी बसेना. तिने आपल्या बहिणींना बोलावून आणलं. दुधीची गोष्ट आठवली. परसात पहिल्यांदा दुधीचा वेल लावला त्या वर्षी तो मांडवभर पसरला, पांढरी फुलं धरली, आणि मी बघितलं तर बहुतेक फुलांच्या मागे काहीच नाही, नुसता लांब बारीक देठ. काही थोड्या फुलांच्या मागे मात्र अंगठ्याएवढा लवदार इवला दुधी. माझ्या डोक्याने सरळ हिशेब केला: दुधीवाली ती कामाची, नुसत्या देठावरची ती वांझ, वेलाची ताकद फुकट खाणारी. म्हणून रोज सकाळी कामावर जायच्या आधी मी ती 'वांझ' फुलं खुडायला लागले. नेमाने. शिस्तीने. इवले दुधी टोकाकडून पिवळे पडत गेले, मऊ झाले आणि एकामागून एक गळाले. मी खत वाढवलं. पाणी कमी केलं, मग जास्त केलं. गळणं थांबेना. शेवटी कळलं की मी खुडत होते ती नरफुलं होती. दुधीच्या एकाच वेलावर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात, नर आधी आणि पुष्कळ, मादी नंतर आणि मोजकी, आणि नराचा पराग मादीपर्यंत पोचला नाही तर मागचा दुधी पोसला जात नाही. 1694 साली जर्मनीत ट्युबिंगेनच्या कामेरारियस नावाच्या वैद्याने एरंडाच्या झाडाची नरफुलं उमलण्याआधीच खुडून काढली आणि बी धरत नाही हे दाखवून दिलं. झाडांतही नर-मादी असतात याचा तो पुरावा ठरला. त्याचाच प्रयोग मी तीनशे वर्षांनी घरच्या मांडवाखाली तितक्याच काटेकोरपणे करून दाखवला होता, फक्त आपण प्रयोग करतोय हे मला माहीत नव्हतं.

त्यातही आणखी एक मेख होती. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं. दिवस मावळताना पांढऱ्या पाकळ्या सुटतात, रात्री पतंग येतात, आणि सकाळी मी जायचे तेव्हा फूल मलूल होऊन लोंबत असायचं. मी वर्षभर त्या वेलाला नेमकी त्याच्या झोपेच्या वेळी भेटत होते आणि त्याच्याबद्दल मतं बनवत होते. नंतर मात्र संध्याकाळी जायला लागले. सातच्या सुमाराला, अर्धवट उजेडात, एक नरफूल तोडायचं, त्याच्या पाकळ्या मागे दुमडायच्या आणि आतला पिवळा दांडा मादीफुलाच्या मधोमध हलकेच टेकवायचा. पराग बोटाला लागतो. फुलाला एक कस्तुरीसारखा मंद वास असतो, तो मला तोवर कधी आलाच नव्हता. एखादा पतंग चेहऱ्याजवळून भिरभिरत जातो आणि आपण त्याच्या कामात घुसलोय असं वाटतं. टेकवलेल्या फुलाच्या देठाला मी दोरा बांधून ठेवते. चार दिवसांनी दोरा बांधलेला दुधी खाली झुकलेला असतो. जड झाला की तो मान खाली घालतो. त्या झुकण्याचा जो आनंद आहे तो पिकलेला दुधी कापतानाही होत नाही.

तर अशी ही काढून टाकण्याची सवय. बाग करायची म्हणजे लावायचं, पाणी घालायचं, असं बाहेरच्याला वाटतं. प्रत्यक्षात परसात मी जो वेळ घालवते त्यातला निम्म्याहून अधिक काहीतरी उपटण्यात, खुडण्यात, चिरडण्यात किंवा छाटण्यात जातो. टोमॅटोच्या बगलेतले फुटवे मोडायचे. खालची पिवळी पानं काढायची. तण उपटायचं. नागअळीने पानावर पांढरी नक्षी काढली की ते पान तोडायचं. नक्षी सुंदर असते, तरी तोडायचं. फळमाशीने डंख केलेली काकडी वेलावरून काढून पिशवीत बांधून उन्हात ठेवायची, म्हणजे आतल्या अळ्या मरतील. रात्री टॉर्च घेऊन गोगलगायी वेचायच्या. हे सगळं करताना मी गुणगुणते. शेजारून जाणारं कुणी म्हणतं, किती निवांत वाटत असेल ना तुम्हाला बागेत. हो म्हणते. खोटं नाही ते.

मला सगळ्यात जड जाते ती विरळणी. मुळ्याचं किंवा गाजराचं बी बारीक, ते पेरताना हात कितीही आवरला तरी दाटच पडतं. पाचव्या-सहाव्या दिवशी मातीची पापुद्र्यासारखी साल उचलून हिरवे ठिपके वर येतात. आठवड्याभरात दोन-दोन पानं होतात, एकमेकांना खेटून उभी. आणि तेव्हा त्यातली चारातली तीन काढावी लागतात, नाहीतर एकालाही पोसायला जागा मिळत नाही. कुठली ठेवायची? जी जाड ती. जी सरळ ती. ज्याला जरा आधी जाग आली ते. बाकीची नखाने मुळापाशी खुडायची. उपटली तर शेजारच्याची मुळं हलतात. पंधरा मिनिटांचं काम. हातात हिरवा गोळा उरतो, त्याला कच्च्या मुळ्याचा तिखट वास असतो.

गंमत अशी की अळ्या नखाने फोडणारी माझी आई विरळणी करू शकत नसे. तिला ते जमायचंच नाही. दाट उगवलेली रोपं ती एकेक करून सोडवायची आणि मिळेल त्यात लावायची. फुटका मग, तळ गेलेली बादली, डालड्याचा जुना डबा, कान तुटलेला कप. मुळ्याचं रोप हलवलं की मूळ वाकडं होतं, गाजराचं तर फाटे फुटून पायजम्यासारखं होतं, हे तिला माहीत होतं. तरी लावायची. आमच्या परसात एके काळी पाय ठेवायला जागा नव्हती, सगळीकडे वाकडी गाजरं. "उगवलंय ना ते," एवढंच म्हणायची. अळीही उगवलेलीच असते की, असं मी तिला एकदा म्हटलं होतं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुन्हा तो वाद काढला नाही. प्रत्येकाची दया कुठेतरी एक रेघ ओढून बसलेली असते आणि ती तिथेच का, हे त्या माणसालाही सांगता येत नाही. माझी रेघ बहुधा चेहऱ्यापाशी आहे. गोंडस असेल तो जगतो.

लिंबाचं सांगते. सहा-सात वर्षांपूर्वी मी एका कुंडीत लिंबाच्या बिया टोचल्या. एका बीला तीन कोंब आले. मला वाटलं चुकून तीन बिया पडल्या असतील, पण माती बाजूला केली तर तिन्ही एकाच टरफलातून निघालेले. दोन तरतरीत, एक खुरटा, जरा कडेला, पान दुमडलेलं. मी अर्थातच खुरटा उपटला, आणि उरलेल्या दोनांतला एक ठेवून दुसरा एकीला दिला. पुष्कळ नंतर कळलं की लिंबाच्या बीत असं होतं. एका बीत अनेक गर्भ असतात. त्यातला एकच फुलाच्या परागातून, म्हणजे आई आणि बाप दोघांतून आलेला असतो. बाकीचे आईच्याच पेशींतून फुटलेले, तिच्या हुबेहूब नकला. आणि नकला बहुतेकदा जोमदार असतात, गर्दीत तो एक बिचारा मागे पडतो. म्हणजे त्या कुंडीत नवा म्हणावा असा जीव असलाच तर तो बहुधा खुरटाच होता. जे आधी कधीच झालं नव्हतं असं एक लिंबाचं झाड मी दोन बोटांत धरून कडेला टाकलं होतं.

पण ते कडेला टाकलेलं आईने उचललं होतं. मला पत्ता नव्हता. तळ गेलेल्या बादलीत लावलं, बादली पाण्याच्या टाकीमागे ठेवली, आणि मला सांगितलंही नाही. विरळणीवरून आमची एकदा बाचाबाची झालेली असल्यामुळे असेल. माझ्या नजरेला ते पडलं तेव्हा ते गुडघ्याएवढं झालं होतं. आता माझ्या खांद्याला लागतं. बादलीच्या तळातून मुळं जमिनीत गेली आहेत, आता ते हलवताच येणार नाही. काटे भरपूर. फळ अजून एकही नाही, आणि माझं निवडलेलं, तरतरीत, दोन वर्षं झाली लिंबं देतंय. बादलीतल्या झाडाचं पान चुरगळलं तर वास जरा वेगळा येतो असं आईचं म्हणणं आहे. मी कित्येकदा चुरगळून पाहिलं. मला फरक कळत नाही. तो खरोखर नवा जीव आहे की तीच नक्कल जरा उशिरा सावरलेली, हे फळ आल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि तेव्हाही नक्की सांगता येईलच असं नाही.

त्या झाडाला एक काम मात्र लागलं आहे. लिंबावर फुलपाखराच्या अळ्या येतात. लहान असताना त्या हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात, काळ्यावर पांढरा डाग, ओलसर चमक. मोठ्या झाल्या की हिरव्यागार होतात, आणि बोट लावलं तर डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं बाहेर काढून असा घाण वास सोडतात की आपण हात झटकतो. कोवळी पालवी दोन दिवसांत साफ करतात. या मात्र मी मारत नाही. कारण यांचं पुढे काय होतं ते मला माहीत आहे: काळ्या-पिवळ्या चट्ट्यांचं मोठं फुलपाखरू. आता बघा, हिशेब किती उलटा आहे. माझं लिंबू खाणारी अळी मी हळूच काडीवर घेऊन बादलीतल्या झाडावर नेऊन सोडते, कारण तिचं रूप पुढे खुलणार आहे. आणि माझा वाल राखणाऱ्या अकरा जणी चपलेखाली गेल्या, कारण त्या तेव्हा ओंगळ दिसत होत्या आणि पुढे काय होणार हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर सोडल्या असत्या, यात काही थोरवी नाही. कंपासपेटीवरच्या स्टिकरला मी सोडलं असतं, इतकंच.

ढालकिड्याच्या एका नातलगाची गोष्ट मी त्या दिवसांत पुन्हा पुन्हा वाचत होते. 1880च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या संत्र्या-लिंबांच्या बागांवर कापसाच्या बोळ्यासारखा दिसणारा एक पांढरा खवलेकीटक पडला. तो ऑस्ट्रेलियातून आला होता. फवारून झालं, धुरी देऊन झाली, लोक झाडं उपटून जाळायला लागले. मग 1888 साली आल्बर्ट कोबेले नावाच्या कीटकतज्ज्ञाला त्या किड्याचा शत्रू शोधायला ऑस्ट्रेलियाला पाठवलं. किडे शोधायला परदेशी जायचा खर्च मंजूर होत नव्हता, म्हणून मेलबर्नच्या प्रदर्शनाच्या निमित्ताने त्याची रवानगी झाली. सरकारी कामकाज सगळीकडे सारखंच. त्याने पहिल्या काही खेपांत मिळून 129 ढालकिडे जिवंत पाठवले. ते कापडाचा तंबू घातलेल्या एका झाडावर सोडले. वर्ष-दीड वर्षात बागा मोकळ्या झाल्या. साठ वर्षंसुद्धा गेली नाहीत तोच त्याच बागांवर डीडीटी फवारलं गेलं, ढालकिडे मेले, आणि तो पांढरा खवलेकीटक पुन्हा उगवला. मला या सगळ्यात राहून राहून वाटतं ते वेगळंच. 1889 मध्ये, तंबू उघडल्यावर, त्या बागेतल्या एखाद्या बाईने पानावर चालणारी एक अनोळखी अळी बघून ती नखाने चिरडली असेल का? असेलच. तिलाही कुणी चित्र दाखवलेलं नसणार. तरी बागा वाचल्या. 129 पैकी किती वाया गेले याची नोंद कोण ठेवतो.

यंदा वाल लावला नाही. धीर झाला नाही, किंवा तेवढी जागा वांग्याला हवी होती, दोन्ही कारणं खरी आहेत. वांगी हातभर वाढली आहेत. मागच्या आठवड्यात आईच्या सवयीने पान उलटलं तर मागच्या बाजूला अंड्यांचा एक पुंजका. पिवळीधमक, टोकदार, उभी, एकमेकांना लागून, पंचवीस-तीस असतील. ढालकिड्याची अंडी अशीच असतात; आता मला हे पाठ आहे. मी इतकी खूश झाले की आईला हाक मारली. मग आत येऊन खात्री करायला बसले आणि तोंड उतरलं. ढालकिड्याच्याच कुळात एक जात आहे जी मावा खात नाही, पानं खाते. तिला वांगं फार आवडतं. मोठा किडा मळकट तांबूस, अंगावर बारीक लव, ठिपके 28. अळी पिवळी, काटेरी. ती पानाचा हिरवा गर खरवडून नुसती जाळी ठेवते. आणि तिची अंडीही पिवळी, टोकदार, उभी, पानामागे, पुंजक्यात. चित्रं शेजारी शेजारी ठेवून मी तासभर बघितली. चष्मा पुसून बघितली. जाणकाराला फरक कळत असेल. मला नाही कळला.

आईला सांगितलं. "पान तोड," ती म्हणाली. मी म्हटलं, अगं पण ती दुसऱ्या जातीची असली तर? "मग दुसरं पान येईल." मी तोडलं नाही. माव्याचे चार ठिपके त्याच झाडाच्या शेंड्यावर दिसत होते, तेही मी ठेवले. पाचव्या की चौथ्या दिवशी अंडी फुटतात म्हणे. तेव्हापासून रोज सकाळी जाते, गुडघ्यावर बसते, पान उलटते, हळूच सोडते. आई दारातून विचारते, "मारलीस?" मी म्हणते, बघतेय. दोन दिवस ती काही बोलली नाही. काल विचारलंन, रंग कसा आहे आता? मी सांगितलं, आहे तसाच. थोड्या वेळाने ती खुर्चीतून उठून भिंतीला धरत धरत वाफ्यापर्यंत आली. तिला अंडी दिसणं शक्यच नव्हतं. मी तिचं बोट धरून पानामागे नेलं, अगदी पुंजक्याच्या कडेला. तिने बोट तिथेच हवेत धरून ठेवलं, लावलं नाही.

आज सकाळी अंडी करडी झाली होती. आत काहीतरी गडद दिसत होतं. एका हातात मी चष्मा घेऊन गेले होते, आणि दुसऱ्या हातात, का कोण जाणे, वाळकी काडी.